उष्टी ऊब

ज्या दिवशी अलकानं आपल्या कपातला अर्धा चहा पद्मजा बिरनाळेकडं सरकवला, त्या दिवशी माझ्या पोटात निखारा पडला.

पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसलं नसतं. तीन बायका, एक टेबल, दोन कप. पद्मजाच्या प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड धुऊन रंगवायच्या कारखान्याच्या, ऑफिसात आमच्या साखळीची महिन्याची बैठक चाललेली. पद्मजाला खोकला आला, अलका म्हणाली, "घे गं, दोन घोट घे, गरम हाय," आणि कप सरकवला. पद्मजानं तो तसाच ओठाला लावला. अलकाच्या ओठांचा ओला ठसा होता त्याच कडेला.

बावीस वर्षं तो अर्धा कप माझा होता.

माझी सायझिंग आणि अलकाचा मागांचा कारखाना यांच्यामध्ये एक गल्ली, एवढंच अंतर. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायची जागा. सुताचे हजारो धागे एका मोठ्या लोखंडी रुळावर गुंडाळायचे, खळीतून काढायचे, तापल्या सिलिंडरवर वाळवायचे. मग त्या रुळाला बीम म्हणायचं आणि तो मागावर चढवायचा. खळ नसली तर धागा मागाचे धक्के खात नाही, तटातटा तुटतो. माझे हे गेले तेव्हा माझं वय तीस, अलकाचं एकतीस. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "रडून झालं असलं तर माझी चार बीमं काढून दे. माग उभं हायती." त्या दिवशी दहा वाजता तिनं चहा मागवला, अर्धा प्याला, अर्धा माझ्याकडं सरकवला. तेव्हापासून रोज. आम्ही कधी त्यावर बोललो नाही. बोलायची गोष्टच नव्हती ती.

आणि आता हा कप.

मी बैठकीतून उठताना पद्मजा म्हणाली, "वैजूताई, तुम्ही काही बोललाच नाहीत आज."

"मी काय बोलणार? तुमचं दोघींचं चाललंय की छान."

अलकानं मान वर केली. तिला माझा आवाज ओळखू येतो. पण ती कागद गोळा करत राहिली.

*

साखळीचं सांगायला हवं.

कोळशाची बॉयलरं बंद व्हायला लागली त्या वर्षी नियम आला, की कापडाच्या किनारीवर एक आकडा विणायचा. एक मीटर कापडामागं किती ग्रॅम कार्बन हवेत गेला, तो आकडा. कोणाच्या एकाच्या धुराचा नाही. खळ लावणारीचा, विणणारीचा, धुऊन रंगवणारीचा, सगळ्यांचा मिळून एक. अशा एका आकड्यात बांधलेल्या घरांची ती साखळी. चारशेच्या वर गेला की माल दारातून परत. आमचा पहिला आकडा आला नऊशे वीस. अलकानं ते कापडाचं ठाण किनारीला धरून उचललं, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसं, आणि म्हणाली, "ह्यात माझा धूर कुठला आणि तुझा कुठला, सांग बघू."

सांगता येत नव्हतं, तीच तर गंमत होती. माझ्या धुरानं अलकाचे माग बंद पडणार होते.

मग आल्या विटा. मिठाच्या विटा म्हणतो आम्ही, पण खायचं मीठ नव्हे ते. त्या मिठाचा गुण असा, की त्याला पाण्याची तहान असते. उन्हात तापवून त्यातलं पाणी पार काढून टाकलं, की ती तहान विटेत साठून राहते. महिना ठेवा, वर्ष ठेवा, वीट हाताला गार लागते. पण पाण्याची वाफ दाखवली की ती घटाघटा पिते आणि पिताना तापते. उन्हानं काढून नेलेलं पाणी परत मिळतं तेव्हा उन्हाची ऊबही परत देते. पहिल्या घोटाला सगळ्यात जास्त तापते, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला नुसती कोमट. आणि तहान भागल्यावरही पाजत राहिलं, तर वीट विरघळते. पाझरायला लागते. आम्ही त्याला वीट रडली म्हणतो. रडलेली वीट पुन्हा विटेच्या कामाची राहत नाही.

तारदाळच्या माळावर आरशांच्या रांगा आहेत. तिथं विटा दिवसभर उन्हात सुकतात आणि सकाळी बिनड्रायव्हरची गाडी त्या घेऊन निघते. गाडीच्या कुशीला काचेची एक नळी असते. विटा कोरड्या असल्या की नळी गडद निळी. पाणी प्यायला लागल्या की जांभळी, मग गुलाबी. पांढरट झाली की संपलं.

गाडी आधी कोणाकडं जाणार हे ठरवायला यंत्र होतं. पण त्यात यंत्रानं ठरवण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्यात जास्त आच लागते रंगाच्या कढईला. म्हणून गाडी पहिल्यांदा पद्मजाकडं. तिनं पहिला घोट वापरायचा. मग माझ्याकडं, माझ्या सिलिंडरला आणि खळीला दुसरा. शेवटी अलकाकडं. थंडीच्या दिवसांत मागाच्या शेडमधली हवा कोरडी झाली की धागा तुटतो, म्हणून तिथं कोमट दवासारखी वाफ सोडतात. त्याला तिसरा घोट पुरे.

म्हणजे मी पद्मजाचं उष्टं घ्यायचं आणि अलकानं माझं.

अलका पहिल्या दिवशी हसून म्हणाली होती, "वैजे, एका ताटात जेवल्यागत झालं की गं हे!"

मीही हसले होते. तेव्हा कप सरकला नव्हता अजून.

*

पद्मजा अडतीस वर्षांची. शिकलेली, केस आखूड कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. वडिलांचं प्रोसेस हाऊस तिनं बुडता बुडता वाचवलं होतं. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही नव्हतं, हेच मला सर्वांत जास्त खुपायचं.

कप सरकायच्या आधी एकदा ती माझ्या सायझिंगला आली. खळीच्या टाकीत बोट बुडवून बघितलं, दोन बोटांत ताणून बघितलं, जाणत्या माणसासारखं.

"वैजूताई, राग मानू नका. तुमची खळ फार छान आहे, पण थोडी जाड आहे. ती कापडातून काढायला मला गरम पाण्याचे तीन हात द्यावे लागतात. तुम्ही तिसऱ्या हिश्शानं पातळ केलीत आणि अलकाक्कांनी माग थोडे हळू चालवले, तर माझं एक धुणं वाचेल. आकडा साठनं खाली येईल."

अलकाक्का. कालपर्यंत अलकाताई होती. आता अक्का.

माझी खळ म्हणजे माझ्या हाताची ओळख होती. कोणत्या दिवशी किती दाट, हवेचा वास घेऊन ठरवायची मी. आणि हिचा धंदाच असा, की माझं केलेलं सगळं गरम पाण्यानं धुऊन काढायचं. धुऊन झाल्यावर जे कापड उरतं त्यात अलकाचं विणणं असतं, पद्मजाचा रंग असतो. माझं काही म्हणजे काही नसतं.

तरी मी खळ पातळ केली. अलकानं माग हळू केले. आकडा पडत पडत तीनशे ऐंशीवर आला. अलका नाचायचीच बाकी होती. "बघितलास काय तिचं डोकं? एवढीशी पोर, पण काय डोकं!"

"आणि खळ कुणाची?" मी विचारलं.

"तुझीच की गं. पर सांगितलं तिनं नव्हं?"

लहानपणी माझी आत्या ओव्या रचायची, भाकरी थापता थापता. तिचं वळण माझ्या जिभेला आहे. त्या दिवशी सिलिंडरपाशी उभी असताना ओठात आपोआप आलं:

*निळिया विटांची । गाडी येते दारी ।*
*सवतीच्या घरी । ऊब सांडे ॥*

सवत हा शब्द कुठून आला कोण जाणे. पण एकदा आला तो गेला नाही.

*

कप सरकला त्याच्या चौथ्या दिवशी मी पहिलं खोटं लिहिलं.

मिठाची धूळ यंत्रांच्या डोळ्यांना खाते, म्हणून नळीचा रंग माणसानंच बघून फोनवर लिहायचा असतो. पाठवताना एक रंग, घेताना एक रंग. पद्मजानं लिहिलं होतं, जांभळी पाठवली. गाडी माझ्या दारात आली तेव्हा नळी जांभळीच होती. वांग्याच्या फुलासारखी, स्वच्छ जांभळी. मी फोन काढला आणि लिहिलं: गुलाबी मिळाली.

एवढंच. एक शब्द.

मग गाडीतली ऊब मी माझ्या कामापुरती घेतली आणि उरलेलीही घेतली. तिचं करायचं काय, हे ठरलं नव्हतं. विटांवर पाणी सोडलं, तापल्या, वाफ झाली आणि ती वाफ मी छपरावरच्या नळीतून आभाळात सोडून दिली. भर दुपारी पांढरा लोट निघाला. माझा बॉयलर सांभाळणारा रामगोंडा अंगणात उभा राहून त्याच्याकडं बघत होता.

"वैनी, व्हॉल्व उघडा ऱ्हायलाय."

"असू दे."

"वाफ वाया चाललीया."

"असू दे म्हटलं ना."

तो बॉयलरकडं वळला. पंचवीस वर्षं माझ्याकडं आहे, त्याला माझ्या 'असू दे'ची वजनं माहीत आहेत.

नळी पांढरट झाल्यावर गाडी अलकाकडं गेली. त्या दिवशी तिच्या शेडमध्ये दव पडलं नाही. पौषातली कोरडी हवा, धागे तुटायला लागले. मला गल्लीच्या अलीकडून ऐकू येत होतं: एक माग थांबला, दुसरा थांबला, परत सुरू झाला, परत थांबला. मला माझ्या हाताखालचा बीम दिसत होता आणि कानात ते थांबणं.

संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर आलं: *दोन घरांचे रंग जुळत नाहीत. निर्णय विणणाऱ्या घराकडे.*

आकडा अलकाच्या किनारीवर विणला जातो, म्हणून साखळीतलं भांडण तिनं सोडवायचं असा नियम. यंत्राला धूर मोजता येतो, पद्मजाच्या धुराड्यातला न् माझ्याही. दोघींपैकी खोटं कोण बोलतंय हे काही त्याला मोजता येत नाही.

*

असं बारा दिवस चाललं. रोज ती लिहायची जांभळी, रोज मी लिहायची गुलाबी. मधल्या रस्त्यात नळीचा रंग बदलावा एवढी वाट लांबही नव्हती, जेमतेम दहा मिनिटांची. शेवटच्या दिवसांत तर गाडी माझ्या दारात आली की नळी मला अधिकच निळी वाटायची. मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांना पाप दिसतंय. मी डोळे बारीक करून लिहायची: गुलाबी.

तेराव्या दिवशी अलका आली. बसली नाही. बीमच्या लोखंडी कडेला टेकून उभी राहिली.

"वैजे, खरं सांग. ती गाडी तुझ्याकडं कशी येती?"

ती मला विचारत होती, पण तिच्या डोळ्यांत उत्तर आधीच होतं. बावीस वर्षांचं उत्तर.

"लिहिलंय तशी," मी म्हणाले.

"गुलाबी?"

"गुलाबी."

तिनं मान हलवली. हळू. "मला तिचं लई कौतुक वाटलं हुतं. म्हटलं पोर गुणाची हाय. आकडा चारशे साठवर गेलाय, वैजे. दोन ठाणं परत आली. आनि चाळीस विटा रडल्या म्हणून माळावरनं निरोप आलाय. पुढच्या सोमवारी मी तिचं नाव काढणार साखळीतनं."

"मग प्रोसेसला?"

"बघू कुणीतरी. न्हाईतर काय, आपण दोघी हायच की. पहिल्यासारखं."

पहिल्यासारखं. बारा दिवस मी ह्या एका शब्दासाठी वाफ आभाळात सोडत होते. तो आला. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो हातही पहिल्यासारखाच होता. आणि मला काही झालं नाही. उपाशी माणसाला जेवायला वाढावं आणि त्याची भूक मेलेली असावी, तसं.

ती गेल्यावर रामगोंडा म्हणाला, "नवी प्रोसेस मिळणार न्हाई, वैनी. निम्म्या गावाच्या साखळ्या तुटल्यात. अलकावैनींचं माग उभं ऱ्हातील."

"तुला कोणी विचारलं?"

"न्हाई विचारलं," तो म्हणाला आणि व्हॉल्वकडं बघत राहिला. बंद व्हॉल्वकडं.

*

दुसऱ्या दिवशी पद्मजा आली. एकटी. मला वाटलं भांडेल. मी पदर खोचून तयारच होते.

तिनं फोन पुढं केला. त्यावर फोटो होते. तेरा दिवसांचे, तेरा नळ्यांचे, तिच्या दारातून गाडी निघतानाचे. पहिला जांभळा. दुसरा जांभळा. मग जरा निळसर. मग आणखी निळसर. शेवटचा जवळजवळ कोरडा निळा.

माझ्या डोळ्यांना पाप दिसत नव्हतं तर. नळी खरंच निळी होत चालली होती.

"हे काय?"

"तुम्ही जास्त घेताय हे मला तिसऱ्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "तुमच्या छपरावरची वाफ माझ्या गच्चीवरून दिसते, वैजूताई."

मी पळी उचलून खळ ढवळायला लागले.

"मला वाटलं, तुमचं काहीतरी बिघडलंय. सिलिंडर गळत असेल, सांगायला लाज वाटत असेल. म्हणून मी कमी घ्यायला लागले. तुम्ही कितीही घेतलंत तरी अलकाक्कांपर्यंत काहीतरी पोचावं म्हणून. माझ्या कढईला मी लाकडाचा बॉयलर पेटवला." तिनं शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. "आकडा चढला तो त्यामुळं. तो धूर माझा आहे."

"आणि लिहिताना जांभळीच लिहीत राहिलात?"

"निळी लिहिली असती तर अक्कांनी विचारलं असतं, एवढी सोडतेस मग जाते कुठं."

"मग सांगायचं होतंस! हे फोटो दाखवायचे होतेस तिला!"

"दाखवणार होते. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले." तिनं फोन मिटला. "पहिल्यांदा त्यांनी तुमचीच गोष्ट सांगितली. तुमच्या मिस्टरांच्या चौदाव्यानंतर चार बीमं काढलीत ती. दुसऱ्यांदाही तीच सांगितली. मग काय दाखवणार? त्यांनी विश्वास ठेवला नसता. आणि ठेवला असता, तर त्यांचं काय झालं असतं?"

त्या क्षणी मला तिचा जो राग आला तसा कधी आला नव्हता. मी अलकाची ऊब चोरत होते, तेव्हा ही आपलं घर जाळून अलकाकडं ऊब धाडत होती, आणि नाव माझं झाकत होती. मी हरले होते, आणि खेळ चालू आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं.

"सोमवारी मी आपणहून नाव काढून घेते," ती म्हणाली. "फक्त त्यांची प्रोसेस कुठंतरी लावून द्या. तुमचं ऐकतील त्या."

"जा तू," मी म्हणाले. "घरी जा. लाकडाचा बॉयलर विझव आधी."

*

मागांच्या शेडमध्ये बोलता येत नाही. चोवीस मागांचा आवाज एका छपराखाली. तिथं माणसं ओठांवरून वाचतात, हातांनी सांगतात. बीम आला, धागा तुटला, जेवायला चल, सगळ्याला हाताची खूण आहे. मी त्या शेडमध्ये बावीस वर्षं जात-येत होते. बाहेर बोलावून सांगायचं म्हटलं तर अलकानं बसवलं असतं, पाणी दिलं असतं, आणि मग माझ्या तोंडातून निघालं नसतं. म्हणून मी तशीच आत गेले.

ती नव्या बीमचे धागे तपासत होती. मी समोर उभी राहिले. छातीवर हात ठेवला: मी. मग गाडीची खूण, मग वाफेची, बोटं वर नेत नेत. मग तोंडापाशी हात नेऊन उलटा केला. खोटं.

तिला कळलं नाही. भुवया वर केल्या.

मी ओठांनी सांगितलं, आवाज न काढता, सावकाश. गुलाबी नव्हती. जांभळी होती. तेरा दिवस. मीच.

तिनं हात वर करून मूठ आवळली. थांबवा. एकेक माग थांबत गेला, आवाज शेडच्या त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत विझत आला. आणि सगळं शांत झाल्यावर चोवीस मागांवरची माणसं आमच्याकडं बघत असताना तिनं विचारलं, "का?"

आता आवाजानं सांगावं लागणार होतं.

"तू तिला कप दिलास."

"कुठला कप?"

"तुझा. अर्धा. बैठकीत."

तिला आठवतच नव्हतं. मला ज्यानं इतके दिवस जाळलं, ते तिच्या लक्षातही नव्हतं. मग हळूहळू आठवलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. राग नव्हता त्यात. एखादं ठाण उलगडावं आणि मधोमध फाटलेलं निघावं, तेव्हा जसा होतो तसा झाला.

"माणसं उभी हायती माझी," ती एवढंच म्हणाली. "जा."

माझ्या पाठीमागं माग पुन्हा सुरू झाले.

*

पद्मजाचं नाव निघालं नाही. अलकानं फोनवर निर्णय लिहिला: *दुसऱ्या घराची नोंद चुकीची. दुसरं घर साखळीत राहील.* दुसरं घर म्हणजे मी. का ठेवलं, ते लिहायला तिथं जागा नव्हती, आणि विचारायला माझ्याकडं तोंड नव्हतं. रडलेल्या चाळीस विटांचं मीठ गोळा करून साच्यात नव्या विटा ओतायला रामगोंडा आणि मी चार दिवस माळावर गेलो.

अलका माझ्याशी बोलेना. बीम जायचे, चिठ्ठ्या यायच्या, 'मिळाले' एवढंच लिहिलेल्या. दहा वाजले की मी सिलिंडरच्या आवाजात स्वतःला बुडवून घ्यायची. पद्मजाकडं ती जात होती. मला गल्लीतून तिची पाठ दिसायची.

मत्सर गेला असं मी सांगणार नाही. आत्याच्या ओवीतल्या बायका शेवटी शहाण्या होतात. मी झाले नाही. माझ्या डोक्यात रोज एकच हिशेब: पद्मजानं तिच्यासाठी दहा दिवस निळी सोडली. मी? मी पांढरी. हे पुसायचं तर तिच्याहून जास्त सोडायला हवी. तिच्याहून, एवढंच मला दिसत होतं.

मी कामाला लागले. खळीत बटाट्याच्या पिठाचं प्रमाण बदलून बघितलं, अशी खळ शोधली जी निम्म्या आचेवर शिजते. सिलिंडरांना घोंगडी गुंडाळल्यासारखे जाड पत्रे लावले. यंत्र हळू केलं; एका बीमला आधी दोन तास लागायचे, आता तीन. सूत जास्त वेळ सिलिंडरवर राहिलं की कमी आचेवरही वाळतं. गाडी माझ्याकडं जांभळी यायची आणि मी ती जवळजवळ जांभळीच पुढं धाडायची. नळीचा रंग बघून, फोटो काढून, खरा लिहून.

चार दिवसांनी गाडी माझ्याकडं आली ती जांभळी नव्हती. निळसर होती. मी पद्मजाच्या धुराड्याचा आकडा बघितला; लाकडाचा धूर नव्हता. पद्मजानं सांडपाण्यातली ऊब काढून कढईला द्यायला सुरुवात केली होती. माझ्या नोंदी ती वाचत होती तर.

"बरं," मी फोनला म्हणाले. "बरं बाई."

दुसऱ्या दिवशी मी आणखी कमी घेतली. तिसऱ्या दिवशी तिनं. रामगोंडा सकाळी नळी बघायचा, संध्याकाळी बघायचा आणि तोंडावर हात ठेवून हसायचा. "कुस्ती लागलीया," म्हणायचा. सहा आठवड्यांत किनारीचा आकडा दोनशे नव्वदवर आला. माळावरून माणसं विचारायला आली, की ही साखळी करते तरी काय. त्यांना काय सांगणार?

आणि माघातल्या एका सकाळी, बाहेर अजून धुकं होतं, माझं दार धाडकन उघडलं.

अलका. पदर कमरेला खोचलेला, केस कपाळाला चिकटलेले, कपाळावरून घाम गळत होता. त्या थंडीत.

"वैजे! अगं काय चालवलंयस काय?"

सहा आठवड्यांनी माझं नाव. माझ्या हातातली खळीची पळी तशीच राहिली.

"चाळीस डिग्री झालंय शेडमधी! माणसं बनियनवर आल्यात. भिंतीवरनं पानी गळतंय. मला उकडून मारणार हाय काय तुम्ही दोघी?"

"गाडी कसली गेली तुझ्याकडं?"

"निळी! निळी आली भवाने! तिनं काय घेतलं न्हाई, तू काय घेतलं न्हाईस, मग मी एवढी ऊब घेऊन करू काय? पापड वाळवू?"

रामगोंडा पाठ फिरवून भिंतीकडं बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

"कमी सोडते उद्यापासून," मी म्हणाले.

"गुलाबी पाठव. पहिल्यागत. तिलाबी तेच सांगायचं हाय. दोघींचं डोकं ठिकाणावर न्हाई."

ती वळली. दाराशी गेली. मला राहवलं नाही. राहवलं असतं तर ती मी नव्हतेच.

"अलके, तिला सांगून आलीस का?"

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं, गळा पुसला. माझ्याकडं बघितलं, खूप वेळ, एखादा धागा कुठून सुटलाय ते शोधताना बघते तसं.

"न्हाई," ती म्हणाली. "आधी तुझ्याकडं आलोय."